हाताजोगी कारवी

कारवीवर मी पहिली कविता लिहिली ती २०१६ साली. त्या वर्षी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कारवी फुलली होती. कारवी म्हणजे जांभळ्या फुलांचं झुडूप. ती आठ वर्षांतून एकदाच फुलते, आणि फुलते ती डोंगराच्या उतारावर. माझ्या दोन्ही पायांना कॅलिपर, काखेत कुबड्या. पावसाने निसरड्या झालेल्या पायवाटेने वर जायचा प्रश्नच नव्हता. मैत्रिणी जाऊन आल्या, त्यांनी मोबाइलवर फोटो पाठवले, आणि ते बघत मी घरी पलंगावर बसून चौदा ओळी लिहिल्या. ‘जांभळ्या लाटा’ होत्या, ‘डोंगराचे खांदे’ होते, वाराही होता. एका दिवाळी अंकात ती कविता आली. लोकांना आवडली. मलाही आवडली होती.

२०२४ मध्ये कारवी पुन्हा फुलली तोवर मी चाकाच्या खुर्चीत आले होते. लहानपणी पोलिओतून वाचलेले स्नायू तीस-चाळीस वर्षं आपल्या वाट्याहून जास्त काम करतात आणि मग थकतात. डॉक्टर त्याला पोस्ट पोलिओ सिंड्रोम म्हणतात. कुबड्या सुटल्या त्या वर्षी मी रडले होते, कारण कुबड्यांवर मी निदान उभी तरी होते. तेव्हा दुसऱ्यांदा फुललेली कारवीही फोटोतच पाहिली. या वेळी मात्र लिहिलं काहीच नाही.

अशात आमच्या वाचनालयातल्या बाईंचा फोन आला. बाई म्हणजे निवृत्त मराठी शिक्षिका, आमचं कवितेचं मंडळ त्याच चालवतात. म्हणाल्या, “फेब्रुवारीत जंगलात जायचं आणि तिथेच लिहायचं. तू येणारेस.”

मी नाही म्हटलं. आधी एकदा अशीच ‘सर्वांसाठी सोपी वाट’ म्हणून कुणीतरी नेलं होतं. तिथे सुरुवातीलाच सात पायऱ्या होत्या आणि चार अनोळखी पुरुषांनी मला खुर्चीसकट उचललं होतं. उचलणारे भले होते. पण पूर्ण वेळ माझ्या डोक्यात एकच होतं, की परत खाली उतरायचंय. झाड बघितल्याचं मला आठवत नाही.

बाईंनी ऐकून घेतलं आणि दोन रविवार आधी माझ्या भाच्याला घेऊन वाट बघायला गेल्या. रिकामी व्हीलचेअर बरोबर नेली. आधी भाचा तीत बसला आणि बाईंनी ढकललं, मग बाई बसल्या आणि भाच्याने ढकललं. स्वच्छतागृहाचा दरवाजा किती रुंद आहे ते त्यांनी टेपने मोजलं. बाराला एक हे रॅम्पचं माप, म्हणजे बारा फूट पुढे जाताना एक फुटाहून जास्त चढ नसावा. डांबरी रस्ता काही ते माप पाळून केलेला नसतो, म्हणून त्याच उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा चढाचा भाग गाडीने ओलांडायचा आणि मधल्या सपाटीला उतरायचं, असं ठरलं. चालायचं अंतर सातशे मीटर, तेवढंच परत. अडीच तास धरले होते. लागले साडेतीन.

९ फेब्रुवारी २०२५, रविवार. आम्ही बारा जण. खुर्च्या दोन. वॉकर घेऊन चालणाऱ्या एक आजी. अर्धांगातून उठलेले एक गृहस्थ, त्यांचा उजवा हात अजून लिहीत नाही. जन्मापासून ऐकू न येणारी एकोणीस वर्षांची मुलगी, सोबत खुणांच्या भाषेत सांगायला तिची आई. आणि काका. काका जन्मांध, बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी झालेली, आवाजावरून माणूस ओळखण्यात पटाईत.

पहिला अर्धा तास लिहायचं नाही, हा बाईंचा नियम. वह्या पिशवीतच. माझी खुर्ची भाचा ढकलत होता. थोड्याच वेळात पुढची छोटी चाकं सागाच्या पाचोळ्यात अडकली. फेब्रुवारीत साग पानं टाकत असतो, एकेक पान ताटाएवढं, वाळून पापडासारखं झालेलं. छोटी चाकं त्याखालच्या खडीत रुतली की खुर्ची पुढे कलंडायची भीती. भाच्याला आता सवय आहे. त्याने खुर्ची मागे झुकवून मोठ्या चाकांवर घेतली आणि उलटी फिरवून ओढायला लागला. त्यामुळे जंगलातला तेवढा भाग मी पाठमोरी गेले. झाडं आधी कानाशी यायची, मग खांद्याशी, मग डोळ्यांपुढून लांब जायची. मला ते फार आवडलं. तो सरळ करायला लागला तेव्हा मी म्हटलं, “राहू दे रे अजून थोडं.”

त्या मुलीचंही एक सांगायला हवं. पान पडल्याचा आवाज आम्हाला यायचा तोवर तिचा हात वर गेलेला असायचा. देठ सुटल्याबरोबर तिला दिसायचं. मग ती तळहात उताणा-पालथा करत, गिरक्या घेत, हळूहळू मांडीपर्यंत आणायची. शेवटी बोटं मिटायची, एकदम नाही, कडेकडेने. तिची आई सांगायला तोंड उघडायची आणि थांबायची. सांगायला काही उरतच नव्हतं. त्या दिवसातली पहिली कविता ती होती असं माझं मत आहे, आणि ती लिहून घेता येत नाही याचं कुणाला वाईट वाटायचं कारण नाही.

अर्ध्या तासानंतर बाईंनी जोड्या लावल्या. एकाने झाडापाशी जायचं, काय आहे ते दुसऱ्याला सांगायचं. माझी जोडी काकांशी लागली. बाई म्हणाल्या, “रंगाचे शब्द वापरायचे नाहीत.”

काकांना ते अजिबात आवडलं नाही. “का? माझ्यासाठी?”

बाई गप्प झाल्या.

“माझ्यासाठी रंग लपवू नका. हिरवा मला दिसत नाही, पण हिरव्या मिरचीचा ठेचा मी जन्मभर खाल्लाय, हिरवा चारा कापताना येतो तो वास मला माहितीय. शब्द माझाही आहे.” मग माझ्याकडे तोंड करून म्हणाले, “ताई, तुम्ही काहीही सांगा. फक्त तुम्हाला ठाऊक असलेलं सांगा.”

मी सुरू केलं. शिरीषाच्या वाळक्या शेंगा वाऱ्याने खुळखुळत होत्या, त्या त्यांनीच मला आधी सांगितल्या. काटेसावरीचं फूल खाली पडतं ते ‘थप्’ असं, ओल्या कणकेचा गोळा परातीत टाकल्यासारखं. ते आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. काकांनी तिच्या खोडावरच्या काट्यांवर तळवा ठेवला. कोवळ्या वयाच्या सावरीला काटे जास्त असतात, झाड मोठं होतं तसे खालचे बोथटतात. मी म्हटलं, “बैलाच्या शिंगासारखे आहेत.” ते म्हणाले, “शिंग मी धरलेलं नाही. तुम्ही धरलंय?” मीही धरलेलं नव्हतं. पुस्तकात वाचलेलं शिंग होतं ते. मग मी हात लावून पाहिला आणि म्हटलं, “जुन्या दरवाजावरच्या पितळी फुल्यांसारखे, पण टोक असलेले.” ते काकांना पटलं.

माझ्या भाषेत अशी किती उसनी शिंगं आहेत ते त्या तासाभरात बाहेर यायला लागलं. ‘खळाळणारा झरा’ हे मी किती वेळा लिहिलंय! झऱ्याकाठी मी आयुष्यात बसलेली नाही. तिथपर्यंत वाट नसते.

पुढे एका वळणावर रस्त्यासाठी डोंगर कापलाय. तिथे दरड आहे. चालणाऱ्या माणसाला ती कमरेच्या उंचीची, लक्ष न देता पुढे जावं अशी. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या मात्र डोंगराची कूस तिथे थेट तोंडासमोर येते. माती, मुळ्या, मुंग्यांची रांग, सगळं हातभर अंतरावर. आणि त्या मातीतून आडव्या बाहेर आलेल्या काटक्या, टोकाला वाळकी कणसं.

भाचा म्हणाला, “मावशी, ही कारवी.”

मी तोवर कारवी कधी एवढ्या जवळून पाहिली नव्हती. २०२४ च्या पावसाळ्यात फुललेली हीच झाडं. कारवी एकदा फुलली की मरते. पुढच्या वर्षाच्या पहिल्या पावसापर्यंत तिची फळं तशीच वाळत उभी राहतात, आणि पाऊस लागला की तडकून बिया उडवतात. त्यातून नवी कारवी उगवते, ती थेट २०३२ ला फुलायची. हे सगळं मी काकांना सांगत होते, आणि सांगता सांगता भाच्याने खुर्ची दरडीला खेटवून ब्रेक लावला.

काकांनी विचारलं, “तुमची ती कारवीची कविता मी ऐकलीय. मुलीने वाचून दाखवली होती. जांभळ्या लाटा. त्या तुम्ही कुठून पाहिल्यात? समोरच्या डोंगरावरून?”

विचारण्यात खोच नव्हती. त्यांना जागा समजून घ्यायची होती, उंची किती, अंतर किती. मी आठ वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं ते तेव्हा सांगितलं. “नाही काका. मोबाइलवरच्या फोटोत.”

ते जरा थांबले. “मग तसंच लिहायचं होतं,” म्हणाले.

मला कान गरम झाल्यासारखं वाटलं. फोटोतली कारवी ही पण खरीच गोष्ट होती. ती मी लपवली होती. पलंग, खिडकी, तळहाताएवढ्या काचेवर मावलेला डोंगर, तो बोटांनी मोठा करून पाहणं, हे सगळं लिहिलं असतं तर ती माझी कविता झाली असती. मी डोंगरावर उभी असल्याचा आव आणला होता. कवितेत तरी मला पाय हवे होते.

काही न बोलता मी हात पुढे केला. कणीस केसाळ होतं, बोटांना किंचित चिकटलं. वास उग्र, औषधी. मग बोटं काटकीवर उतरली आणि पेरापाशी थांबली. पेराला गाठ असते, तिथे काटकी जराशी फुगते.

ती गाठ मला माहीत होती.

माझं बालपण मुरबाड तालुक्यातलं. आजोळचं घर कुडाचं. कूड म्हणजे कारवीच्या काटक्या उभ्या-आडव्या बांधून केलेली भिंत, वर शेणमातीचा लिंपण. चौथ्या वर्षी माझे पाय सरळ करण्यासाठी कमरेपर्यंत प्लास्टर घातलं होतं. कित्येक आठवडे मी त्या कुडालगत गोधडीवर पडून होते. उशापाशी लिंपण पडून काटक्या उघड्या झाल्या होत्या. मी दिवसभर त्यांवरून बोट फिरवायचे. गाठ आली की एक, पुढची गाठ आली की दोन. आकडे मी तिथे शिकले. आजी म्हणायची, “कूड उकरू नको ग.” पण लिंपत मात्र नव्हती, तेवढा भाग तिने माझ्यासाठी उघडाच ठेवला होता. हे मला आत्ता, सत्तावन्नाव्या वर्षी, एका दरडीपाशी कळलं.

जी कारवी मला दुर्लभ वाटत होती ती माझ्या उशाशी होती. आणि मी तिच्यावर कविता लिहिली तेव्हा तिला फोटोत शोधलं.

लिहायची वेळ झाली होती. बाईंनी प्रत्येकाला लाकडी फळी दिली होती, पेन्सिल दोऱ्याने फळीला बांधलेली. हे फार शहाणपणाचं होतं. हातातून पेन्सिल पडली की खुर्चीतल्या माणसाला ती कुणाकडे तरी मागावी लागते, आणि तेवढ्यात ओळ निघून जाते. अर्धांगवाल्या गृहस्थांनी बाईंना सांगून लिहवून घेतलं. काकांनी झोळीतून ब्रेलची पाटी आणि टोचा काढला. ब्रेल लिहिताना कागदाच्या मागून उजवीकडून डावीकडे टोचत जायचं, म्हणजे कागद उलटला की उठलेले ठिपके डावीकडून उजवीकडे वाचता येतात. टुक, टुक, टुक. वरती कुठेतरी तांबट पक्षी बोलत होता, टुक, टुक, टुक. काका मध्येच थांबले आणि पक्षी चालूच राहिला तेव्हा त्यांच्या ओठांवर हसू आलं.

मला मुक्तछंद सुचेना. मुक्तछंदात माझे जुने शब्द लगेच गर्दी करतात. म्हणून मोठा अभंग घेतला. तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. जागा इतकी कमी की उसनं काही आत आणताच येत नाही. बोटांची पेरं मोजत लिहायला लागले. कुडाच्या गाठी मोजणारी तीच बोटं.

पहिला चटकन आला:

बोटांना चिकट । सुकली कारवी ।
तीच मला हवी । हाताजोगी ॥

‘हाताजोगी’ आधी नव्हतं. आधी ‘जवळून’ लिहिलं होतं. चार अक्षरं भरत होती, पण ‘जवळून’ म्हणजे बघणं आलं. माझं तर बघणं संपून हात सुरू झाला होता. खोडलं.

दुसरा कुडाचा:

कुडाची कारवी । उशाशी निजली ।
बोटांनी वाचली । पहिल्यांदा ॥

तिसऱ्याने मात्र छळलं. ‘फुलली डोंगरी’ हा चरण तयार होता, आणि पुढे माझ्या सवयीने ‘जांभळ्या लहरी’ येऊन बसलं. सहा अक्षरं, डोंगरीशी जुळणारी, सगळं नेटकं. आणि पुन्हा तीच लबाडी. मी ते खोडलं तेव्हा फळीवरचा कागद फाटला. मग लिहिलं, ‘मी नव्हते तेव्हा’. लिहिल्यावर काही वेळ पुढे काही लिहिता आलं नाही. चारच चरण फुलण्याविषयी लिहायचे आणि त्यात एक हा. पण खरं होतं. तेव्हाला जेव्हा लागतो, म्हणून ‘फुटेल बोंड जेव्हा’ आलं. सात अक्षरं. एक जास्त. बोंडाची बी केली.

फुलली डोंगरी । मी नव्हते तेव्हा ।
बी फुटेल जेव्हा । ऐकणार ॥

परतताना रस्त्याच्या कडेला सावलीत वाचन झालं. प्रत्येक कविता दोनदा वाचायची, मध्ये थांबून. काव्यवाचनांत कविता घाईने उरकतात याचा मला कायम राग आहे. इथे घाई शक्यच नव्हती, कारण आई मुलीला खुणांनी सांगायची आणि तिचा हात थांबेपर्यंत पुढची ओळ सुरू करता येत नव्हती. आजींनी एका माकडिणीवर लिहिलं होतं, पोटाला पिल्लू धरलेली. अर्धांगवाल्यांच्या चार ओळी डाव्या हाताविषयी होत्या, त्या इथे सांगण्याचा मला अधिकार नाही. काकांनी पाटीवरचा कागद उलटा करून बोटाने वाचला. तांबटाशी त्यांचं बोलणं होतं. शेवटची ओळ वाचताना बोट ओळीच्या टोकाला गेलं तरी तोंड गप्पच, आणि मग आम्हाला झाडातला तांबट ऐकू आला. ती गप्प राहायची जागा त्यांनी लिहिलेलीच होती. कागदावर तिथे काही न टोचता मोकळी जागा सोडली होती.

मी वाचलं तेव्हा तिसऱ्या कडव्याला काका म्हणाले, “ऐकणार म्हणालात. मग यायला लागेल.”

भाच्याने एक कणीस तोडून द्यायला हात घातला होता, मी नको म्हटलं. राष्ट्रीय उद्यानातून काडीही न्यायची नाही. शिवाय माझ्या टेबलावर ते तडकलं असतं, तर मग यायला लागलं नसतं.

ठरलं जूनचा दुसरा आठवडा. पण २०२५ साली मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजीच दाखल झाला, नोंदी ठेवायला लागल्यापासून इतक्या लवकर तो कधी आला नव्हता. त्या दिवशी सकाळी खिडकीशी बसून मी धो-धो पाऊस बघत होते आणि डोळ्यांपुढे ती दरड होती. एवढ्या पावसात सगळं एका दिवसात उडून गेलं असणार. काकांचा फोन आला. “चुकलं वाटतं?” म्हणाले. मला बोलवेना.

तरी १ जूनच्या रविवारी आम्ही तिघंच गेलो. रस्ता ओला, सागाचा पाचोळा कुजून मऊ झालेला, चाकं सुरळीत चालली. दरडीवरची बहुतेक कणसं रिकामी, फाटून उघडलेली. मी एकेकाला हात लावत गेले. माझा हात पुरेल तिथपर्यंत सगळी फुटून गेली होती. वर, हात न पोचणाऱ्या उंचीवर, झाडीच्या आडोशाला काही काटक्या अजून कोरड्या दिसत होत्या.

पाऊस थांबला होता, मग बारीक भुरभुर सुरू झाली. भाच्याने छत्री उघडली. काका म्हणाले, “मीट ती.” छत्रीवर थेंब वाजतात म्हणून. तिघंही भिजत थांबलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पानांवरून पाणी गळत होतं, लांब कुठे गाडीचा हॉर्न.

मग वरून आवाज आला. बारीक, कोरडा, वाळक्या लाकडाची चीप मोडल्यासारखा. माझ्या मांडीवरच्या प्लास्टिकवर काहीतरी टपकलं आणि उडालं.

काकांनी हात पुढे धरला होता. त्यांनी एक बोट मुडपलं.